ठासणीच्या बंदुकीची राखण: रॅकवरची केबल की गाडीतली पेटी?

अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या फ्रेंडशिप गावी ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या बंदुकांचे राष्ट्रीय नेमबाजी सामने भरतात. दिवसभर बंदुका रॅकवर उभ्या, माणसं तंबूत किंवा जेवायला. 1968च्या अमेरिकी बंदूक नियंत्रण कायद्यानुसार अशा बहुतेक बंदुका 'अँटिक' म्हणजे पुरातन वर्गात मोडतात. अनेकांवर नंबरच नसतो. म्हणून चोरीला गेलेली बंदूक आपलीच, हे सिद्ध करणं अवघड.

केबल स्वस्त आणि सुटसुटीत. ती ट्रिगर गार्डमधून (खटक्याभोवतीच्या कडीतून) ओवून रॅकच्या जड खांबाला अडकवायची; हलक्या रॅकला बांधली, तर चोर रॅकसकट उचलतो. पण आधी बंदूक रिकामी आहे याची खात्री करा आणि टोपी (घोड्याच्या आघाताने ठिणगी पाडणारी छोटी कॅप) काढा, कारण केबलचा ताण खटक्यावर येऊ शकतो. बारीक केबल बोल्ट कटरने क्षणात तुटते. ती फक्त जाता जाता हात मारणाऱ्याला अडवते.

गाडीच्या सांगाड्याला बोल्टने आवळलेली पोलादी पेटी कितीतरी भक्कम. अडचण लांबीची: 42 इंची नळीची लाँग रायफल जवळजवळ पाच फूट भरते. हूक ब्रीचच्या (नळीचं मागचं टोक आकड्याने अडकवलेल्या), अर्ध्या दस्त्याच्या (लाकूड नळीच्या निम्म्यापर्यंतच असलेल्या) बंदुकीची पाचर ठोकून काढली की नळी सुटते आणि काम भागतं. पिनांनी जोडलेल्या पूर्ण दस्त्याच्या बंदुकीला हे जमत नाही. शिवाय काळ्या दारूची काजळी ओल धरते. न पुसता पेटीत ठेवलेली नळी रातोरात गंजते.

दिवसा केबल, रात्री पेटी, हे आमचं मत. पेटीत न मावणाऱ्या बंदुकीच्या घोड्याची यंत्रणा स्क्रू काढून खिशात ठेवा. नळीच्या दस्त्याआड दडणाऱ्या बाजूला खूण कोरून तिचा फोटो घरी ठेवा.