पूर्व-क्षपित लोह उत्प्रेरक: अमोनिया कन्व्हर्टरच्या पहिल्या बेडमधील अनुभव

अमोनिया प्रकल्पाच्या संश्लेषण विभागात काम करणाऱ्याला उत्प्रेरक बदलण्याचा प्रसंग नोकरीच्या काळात फार थोड्या वेळा येतो, कारण चांगला लोह उत्प्रेरक दहा ते पंधरा वर्षे सहज टिकतो. म्हणूनच निवड चुकली तर तिचे ओझेही तेवढीच वर्षे वाहावे लागते. आमच्या कन्व्हर्टरच्या (नायट्रोजन व हायड्रोजनपासून अमोनिया बनवणाऱ्या पात्राच्या) पहिल्या बेडमध्ये, म्हणजे उत्प्रेरकाच्या पहिल्या थरात, आम्ही मॅग्नेटाइट या लोखंडाच्या ऑक्साइडवर आधारित पूर्व-क्षपित उत्प्रेरक भरला, म्हणजे उत्पादकानेच हायड्रोजनने क्षपण करून (ऑक्सिजन काढून टाकून) वर ऑक्साइडचा पातळ संरक्षक थर दिलेला, दीड ते तीन मिलिमीटर दाण्यांचा माल. खालच्या बेडांत त्याच घडणीचा, पण ऑक्साइड रूपातला माल भरला. सहा वर्षांच्या वापरानंतर हे परीक्षण लिहीत आहे.

या मालाची घडण समजली की त्याचे गुणदोष उलगडू लागतात. मॅग्नेटाइटमध्ये काही टक्के ॲल्युमिना व कॅल्शियम ऑक्साइड आणि एक टक्क्याच्या आसपास पोटॅशियम ऑक्साइड मिसळून ते मिश्रण सुमारे १,६०० अंश सेल्सिअसला वितळवतात, थंड झाल्यावर फोडतात आणि चाळून दाण्यांचे आकार वेगळे करतात. ॲल्युमिना मॅग्नेटाइटच्या स्फटिकांत विरघळतो आणि पुढे ऑक्सिजन निघून गेला की लोखंडाच्या सूक्ष्म स्फटिकांच्या मध्ये अडसरासारखा बसून त्यांना एकमेकांत मिसळू देत नाही. क्षपणात दाण्याचा बाहेरचा आकार जवळपास तसाच राहतो; ऑक्सिजनने सोडलेली जागा पोकळ होते आणि दाण्याचे सुमारे निम्मे आकारमान छिद्रांनी व्यापले जाते. ग्रॅममागे दहा ते वीस चौरस मीटर पृष्ठफळ मिळते ते या छिद्रांमुळेच. नायट्रोजनच्या दोन अणूंमधील तिहेरी बंध तोडण्यास मोलमागे सुमारे ९४५ किलोज्यूल ऊर्जा लागते, आणि लोखंडाच्या पृष्ठभागावर तो बंध तुटणे हाच अभिक्रियेचा सर्वांत संथ टप्पा आहे, हे गेरहार्ड एर्टल यांच्या संशोधनाने स्पष्ट झाले. त्यांना २००७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पोटॅशियम लोखंडाला इलेक्ट्रॉन पुरवून हा टप्पा सोपा करते, मात्र त्याचे प्रमाण वाढवले तर पृष्ठफळ घटते. सक्रियता आणि टिकाऊपणा यांची ही ओढाताण या उत्प्रेरकाच्या रचनेत पावलोपावली दिसते, आणि उत्पादकाचे खरे कौशल्य ती कशी सोडवली यातच कळते.

माल भरताना पहिली तक्रार जाणवली ती धुळीची. दाणे फोडून बनवलेले असल्याने त्यांना अणकुचीदार कडा असतात आणि वाहतुकीत त्या झिजतात; काही पिंपांच्या तळाशी आमच्या अपेक्षेपेक्षा बराच जास्त चुरा निघाला. जागेवर चाळणी करण्याचा आग्रह आम्ही धरला नसता, तर तो चुरा दाण्यांमधल्या फटींत बसून दाबातील घट कायमची वाढली असती. दाण्याची चिरडण्याविरुद्धची ताकद पुरवठादाराने कागदावर दिली होती, परंतु घर्षणाने किती झीज होते याचा आकडा मागितल्यावरच मिळाला. खरेदीदाराने हा आकडा आधी मागावा, कारण बेडमधला दाणा एकदम चिरडला जाण्यापेक्षा हळूहळू घासला जाण्याचाच संभव अधिक असतो.

एवढा बारीक दाणा वापरता येतो तो रेडियल फ्लो कन्व्हर्टरमुळे, कारण त्यात वायू वरून खाली न जाता आडवा, त्रिज्येच्या दिशेने वाहतो आणि वायूला बेडची पूर्ण उंची नव्हे, तर फक्त जाडी ओलांडावी लागते. सहा ते दहा मिलिमीटरच्या दाण्यात वायूला गाभ्यापर्यंत पोहोचण्यास अडचण येते, शिवाय क्षपणाच्या वेळी गाभ्यातून निघणारी वाफ आधीच तयार झालेल्या लोखंडावरून बाहेर पडते आणि त्याचे स्फटिक मोठे करून पृष्ठफळ घालवते. बारीक दाण्याचा हा दुसरा फायदा पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

क्षपणाच्या टप्प्यात पूर्व-क्षपित मालाने आमचा पूर्ण विश्वास मिळवला. एक टन मॅग्नेटाइटचे क्षपण करताना सुमारे ३१० किलो पाणी तयार होते आणि ते कन्व्हर्टरमधून संथपणे, वाफेचे प्रमाण सतत मोजत बाहेर काढावे लागते. पूर्व-क्षपित मालात वरच्या थरापुरताच, म्हणजे दोन टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन उरलेला असल्याने हे पाणी टनामागे वीस-पंचवीस किलोंवर येते. पहिला बेड लवकर सक्रिय झाला, अभिक्रियेची उष्णता मिळू लागली आणि खालच्या बेडांचे क्षपण त्या उष्णतेच्या आधाराने पार पडले. हा माल हवेत तापून पेट घेऊ शकतो, त्यामुळे पिंपे उघडण्यापासून बेड बंद करेपर्यंत तापमानावर डोळा ठेवावा लागतो. तेवढी शिस्त पाळण्याची तयारी नसलेल्यांनी तो घेऊ नये.

तिसऱ्या वर्षी मिथेनेटरमध्ये (वायूतील उरलेल्या कार्बन ऑक्साइडांचे मिथेन करणाऱ्या पात्रात) बिघाड होऊन कार्बन मोनॉक्साइड काही तास दहा पीपीएमच्या (दशलक्षात दहा भागांच्या) मर्यादेपलीकडे गेला. पहिल्या बेडचे तापमान उतरू लागले. शुद्ध वायू पुन्हा सुरू झाल्यावर ते बऱ्याच अंशी सावरले, पण तंतोतंत पूर्वीइतके झाले नाही. कार्बन मोनॉक्साइडसारख्या ऑक्सिजनयुक्त विषांचा परिणाम तात्पुरता असतो असे सर्रास सांगितले जाते, ते अर्धेच खरे आहे: प्रत्येक वेळी लोखंडाचे थोडे ऑक्सिडीकरण आणि पुन्हा क्षपण होते, आणि त्या फेऱ्यात काही स्फटिक वाढतात ते वाढलेलेच राहतात. गंधक, क्लोरीन किंवा अर्सेनिक आले असते, तर सावरण्याचा प्रश्नच नव्हता.

पर्याय आम्ही अभ्यासले होते. मॅग्नेटाइटमधील लोह-ऑक्सिजनचे प्रमाणच सर्वोत्तम, हा जुना समज चीनमधील झेजियांग येथील संशोधकांनी १९८०च्या दशकात वुस्टाइटवर (कमी ऑक्सिजन असलेल्या लोखंडाच्या ऑक्साइडवर) आधारित उत्प्रेरक बनवून खोडून काढला. तो लवकर क्षपित होतो आणि कमी तापमानालाही चांगला चालतो. ग्रॅफाइटी कार्बनवरील रुथेनियम तर त्याहून सक्रिय आहे, आणि १९९२ साली कॅनडातील किटिमाट येथे तो औद्योगिक प्रमाणावर वापरात आला. वायूत अमोनियाचे प्रमाण वाढल्यावर लोह मंदावते, तसे रुथेनियम मंदावत नाही. परंतु हायड्रोजनच त्याची जागा अडवतो, त्याचा कार्बन आधार हळूहळू मिथेन होऊन झिजू शकतो आणि धातू अतिशय दुर्मीळ आहे. पहिल्या बेडमध्ये अमोनिया कमी आणि उष्णता अधिक असते, तेथे मला लोहच योग्य वाटते.

१९०९ साली बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीमध्ये आल्विन मिटाश यांच्या गटाला स्वीडनच्या गॅलिव्हारे येथील मॅग्नेटाइट अनपेक्षितपणे सक्रिय आढळले आणि त्यातील अशुद्धीच उपकारक ठरल्या असाव्यात, या तर्कावरून त्यांनी हजारो चाचण्या केल्या. आज आपण भरतो तो माल मूळ तत्त्वाने तोच आहे, हे पाहून मला त्या संशोधकांविषयी मनापासून आदर वाटतो.

पुरवठादाराविषयी माझी मुख्य तक्रार एकच: त्याने ताज्या मालाची सक्रियता दाखवली, जास्त तापमानाला मुद्दाम जुना केल्यानंतरची नव्हे. ताज्या अवस्थेत दोन नमुने सारखे दिसतात आणि अशा चाचणीनंतर त्यांच्यात स्पष्ट फरक पडू शकतो. पुढील बदलाच्या वेळी पहिल्या बेडसाठी मी हाच पूर्व-क्षपित माल घेईन, शेवटच्या बेडसाठी वुस्टाइटचा नमुना मागवीन, आणि दोन्हींची जुना केल्यानंतरची सक्रियता व घर्षणझीज करारातच लिहून घेईन.