लॅपटॉपच्या डेटासाठी बायोस पासवर्ड, बिटलॉकर की व्हेराक्रिप्ट?

लॅपटॉप चोरीला गेला तर आतलं कुणाच्या हाती लागू नये, एवढीच गरज असेल तर काय लावायचं? तिन्ही वापरून झालेत म्हणून लिहितोय, सेटिंग कुठे असतं वगैरे तुम्हाला माहीत असेलच.

बायोस पासवर्ड, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचा पासवर्ड, लावायला सगळ्यात सोपा आणि विंडोजच्या आधीच अडवतो, त्यामुळे भारी वाटतं. माझं मन उडालं ते एका दुकानात. जुना लॅपटॉप कीबोर्ड बदलायला दिला होता, पासवर्ड मुद्दामच सांगितला नव्हता, आणायला गेलो तर मशीन चालू! पोरगा म्हणे, "काका, चेक करायला उघडला." तीनदा काहीतरी चुकीचं टाईप केलं, स्क्रीनवर 'सिस्टीम डिसेबल्ड' आणि खाली पाच आकडे आले, ते मोबाईलवर एका साइटवर टाकले, पासवर्ड हजर. म्हणजे विसरणाऱ्या गिऱ्हाइकासाठी कंपनीनेच चोरदरवाजा ठेवायचा, त्याचं गणित कुणीतरी सोडवून नेटवर फुकट टाकायचं आणि आपण मात्र अवघड पासवर्ड पाठ करत बसायचं, ह्याला काय अर्थ आहे? बरं हे नवीन पण नाही, पूर्वी अवॉर्ड नावाच्या कंपनीच्या बायोसचे असले मास्टर पासवर्ड (आपला पासवर्ड नसला तरी चालणारे) नेटवर याद्या करून फिरायचे. थिंकपॅड लॅपटॉपच्या बायोसचा मुख्य, म्हणजे सुपरवायझर पासवर्ड विसरलात तर कंपनी थेट मदरबोर्ड बदला म्हणते, ते त्यातल्या त्यात बरं, पण नुसता बायोस पासवर्ड असेल तर डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली की सगळं दिसतंच.

बिटलॉकर, म्हणजे डिस्कचं एन्क्रिप्शन करणारी (डेटा किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा करणारी) विंडोजमधलीच सोय. सोयीचा आहे, खोटं कशाला बोलू, चालू आहे हे जाणवत पण नाही. पण 2018 मध्ये नेदरलँड्सच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या लोकांनी काही एसएसडी डिस्कचं स्वतःचं, हार्डवेअरमधलं एन्क्रिप्शन तपासलं तर क्रूशल कंपनीच्या एमएक्स300 डिस्कचा मास्टर पासवर्ड फॅक्टरीतूनच चक्क कोरा निघाला, आणि बिटलॉकर तेव्हा असल्या डिस्कवर भरवसा ठेवून स्वतः काहीच करत नव्हता. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने डीफॉल्ट बदललं, नव्याने लावलेला बिटलॉकर स्वतःच सॉफ्टवेअरने एन्क्रिप्शन करतो, तरी रिकव्हरी की (अडकलात तर डिस्क उघडायचा लांबलचक आकडा) बऱ्याचदा त्यांच्या अकाउंटवर जाऊन बसते ते मला खटकतं, तुम्हाला कदाचित तीच सोय वाटेल.

व्हेराक्रिप्ट हे एन्क्रिप्शनचंच फुकट सॉफ्टवेअर, त्याचा सोर्स कोड उघडा आहे, कुणीही वाचावा, 2016 मध्ये क्वार्क्सलॅब या सिक्युरिटी कंपनीने त्याचं ऑडिट केलं तेव्हा गंभीर चुका सापडल्या, पण त्या जाहीरपणे सापडल्या आणि बऱ्याचशा लगेच दुरुस्त पण झाल्या, मला हेच आवडतं. त्रास आहेच, बूटला पासवर्ड टाकून थोडं थांबावं लागतं, विंडोजच्या मोठ्या अपडेटला धाकधूक होते आणि पासवर्ड विसरलात तर कुणीच उघडून देणार नाही. घरच्या मशीनला मी हेच ठेवलंय.

ऑफिसच्या लॅपटॉपला आयटीवाले बिटलॉकरच देणार, त्यात वाद नको. फक्त जुनं मशीन असेल तर अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये manage-bde -status ही बिटलॉकरची कमांड चालवून बघा, एन्क्रिप्शन मेथडपुढे 'हार्डवेअर' दिसलं तर बिटलॉकर बंद करून सॉफ्टवेअरवर परत चालू करायला सांगा.