अंगठा तीनदा ठेवला, पैसे दोनदा गेले

2021 च्या जुलैत सांगलीत आमच्या गावभागात कृष्णेचं पाणी शिरलं तेव्हा आयर्विन पुलाजवळ पातळी 55 फुटांच्या आसपास होती. 2019 ला 57 च्या वर गेलेली बघितली होती, म्हणून या वेळी माणसं वेळेत बाहेर पडली. सामान मात्र किती हलवणार? माझं पिको-फॉलचं छोटं दुकान. पिकोचं मशीन माळ्यावर टाकलं, ओव्हरलॉक खालीच राहिलं. पाणी ओसरल्यावर शटर वर केलं तर गिऱ्हाइकांच्या साड्यांचा गठ्ठा गाळात बसलेला. धुतलं की रंग सुटायचा आणि वास तेवढा राहायचा.

पंचनाम्याला माणसं आली, फोटो काढले, आधार-पासबुकाची झेरॉक्स घेतली आणि गेली. एक रुपया कुणी मागितला नाही. घरात पाणी आलेल्या कुटुंबाला 10 हजार, टपरीवाल्याला 10 हजारांपर्यंत आणि दुकानदाराला 50 हजारांपर्यंत मदत जाहीर झाली होती. दुकानदार म्हणून घ्यायची तर शॉप अ‍ॅक्टचा परवाना हवा. माझ्याकडे तो नव्हता. दहा वर्षं दुकान चालवून कधी काढलाच नाही, हा माझा आळस.

सानुग्रहचे पैसे खात्यावर यायला लागले त्याच आठवड्यात तो पोरगा आला. पंचविशीतला, गळ्यात निळी दोरी, पाठीला सॅक. "काकी, तुमचं टपरीत बसवलंय. दुकानात बसवून देतो. मागच्या तारखेचा शॉप अ‍ॅक्ट काढायचा, बस." योजनेबद्दल तो बोलला ते अक्षरन् अक्षर खरं होतं. रक्कम, अट, कागद, सगळं पाठ. म्हणूनच मी फसले. खोटं बोलणाऱ्याला माहिती चुकीची असते असं मी धरून चालले होते.

फाईलचे 1,500 रोख घेतले. मग सॅकमधून मोबाइल आणि अंगठ्याचं मशीन काढलं. "केवायसी." आमच्या धंद्यात सुईदोऱ्याने अंगठ्याच्या रेषा झिजतात, रेशनच्या दुकानातसुद्धा माझा अंगठा दोन-तीनदा ठेवावा लागतो. पहिल्यांदा ठेवला. "घेत नाही, काकी." त्याने स्वतःच्या रुमालाने काच पुसली, माझा अंगठाही पुसला. दुसऱ्यांदा ठेवला. "नेट नाही." तिसऱ्यांदा ठेवल्यावर म्हणाला, "राहू दे, परवा येतो." मोबाइलचा पडदा सगळा वेळ त्याच्याकडे होता. शेजारी बसलेल्या आमच्या आत्या म्हणाल्या, "पोरगं गुणाचं आहे, चहा तरी दे." चहा पिऊन गेला.

पहिल्या अंगठ्याला 10 हजार गेले होते, दुसऱ्याला 3 हजार. तिसऱ्यांदा मशीन खरंच नाही म्हणालं, कारण खात्यात 412 रुपये उरले होते. मेसेज मला आला नाही. बँकेत दिलेला नंबर ज्या मोबाइलमध्ये होता तो पुरात भिजून बंद पडला होता.

चौथ्या दिवशी पासबुक भरून घेतलं तेव्हा कळलं. नोंदीपुढे 'एईपीएस' लिहिलं होतं, म्हणजे आधार आणि अंगठ्यावर काढलेली रक्कम. त्याला पिन लागत नाही, ओटीपी लागत नाही. तरी मी आणखी पाच दिवस गप्प बसले. कारण सरळ होतं: मागच्या तारखेच्या परवान्याला मी हो म्हणाले होते. पोलिसांत काय सांगणार, खोटा कागद करायला पैसे दिले म्हणून? त्या पोराने माझा अंगठा घेतला त्याच्या आधी मला त्याच्या लबाडीत भागीदार करून घेतलं होतं. मला वाटतं त्याचं खरं कौशल्य हेच.

गप्प बसण्याची किंमत नंतर कळली. अशा व्यवहाराची बँकेकडून सूचना मिळाल्यापासून 3 कामकाजाच्या दिवसांत बँकेला सांगितलं, आणि चूक ना आपली ना बँकेची असली, तर रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या नियमाप्रमाणे ग्राहकावर बोजा येत नाही. उशीर झाला की बाजू लंगडी होते. माझे पैसे आले नाहीत. तुमच्या बाबतीत घडलंच तर त्याच दिवशी 1930 ला फोन लावा आणि बँकेत लेखी अर्ज देऊन पोच घ्या. आपण थोडं चुकलो असू तरी द्या.

आणि मदत खात्यावर जमा व्हायला दारात आलेल्या कुणाच्या मशीनवर अंगठा लागत नाही. शेतीच्या अनुदानाला केवायसी करायला सांगितलीच, तर ती आपले सरकार केंद्रात जाऊन करा. तिथेही अंगठा ठेवण्याआधी पडदा आपल्याकडे वळवायला सांगा. त्यावर रक्कम दिसली तर हात मागे घ्या.

मी आता आधारला नवा नंबर जोडून आधारच्या मोबाइल अ‍ॅपवर घरातल्या सगळ्यांचे ठसे लॉक करून टाकलेत. पहिल्याच महिन्यात आत्या रेशनच्या दुकानातून रिकामी पिशवी घेऊन परत आल्या. "मशीन मला ओळखतच नाही म्हणतंय." त्यामुळे आता त्या रांगेत उभ्या राहिल्या की मला फोन करतात, मी लॉक थोड्या वेळापुरतं उघडते, आणि तांदूळ घरात आले की त्या स्वतःच विचारतात, "कुलूप घातलंस का?"