मूळ खुणा धुऊन टाकल्या, वर ‘संवर्धना’चं बिलही लावलं

रिस्टोअर न केलेली जुनी गाडी कुणाच्या ताब्यात देणार असाल, तर आधी हे वाचा. माझी १९६७ ची शेव्हरोले कॅमेरो ब्रेकची लाइन बदलायला आणि खालची माती काढायला एका नावाजलेल्या वर्कशॉपमध्ये गेली होती. गाडीच्या खालच्या बाजूला कारखान्यात केलेल्या मूळ खुणांना हात लावायचा नाही, हे कामाच्या कागदावर लिहून दिलं होतं, त्यावर त्यांची सही होती. त्यांनी त्या खुणा प्रेशर वॉशरने उडवल्या, मी दिलेल्या फोटोंवरून पुन्हा रंगवल्या आणि ‘मूळ खुणांचे संवर्धन’ म्हणून बिलात वेगळी रक्कम लावली.

यात एवढं काय, असं वाटेल कुणाला. असेंब्ली लाइनवरचा कामगार पत्र्यावर खडूने किंवा मेणाच्या ग्रीस पेन्सिलने आकडा टाकायचा, कोणती स्प्रिंग कोणत्या गाडीची हे कळावं म्हणून स्प्रिंगवर रंगाचे पट्टे असायचे, नट आवळून तपासला की त्यावर रंगाचा ठिपका. हे गिऱ्हाइकाला दाखवायला केलेलंच नव्हतं, म्हणून तर त्यावर विश्वास बसतो. आणि या खुणा फार नाजूक. खडूची पाण्याने जाते, मेणाची तेलकट मळ काढणाऱ्या डीग्रीझरने विरघळते.

गाडी परत घेताना टॉर्च घेऊन खाली शिरलो. सगळं जागच्या जागी होतं, जरा जास्तच. जुन्या फोटोत पत्र्यावरच्या ३ चं शेपूट काळ्या रंगाच्या फवाऱ्याखाली गेलेलं स्पष्ट दिसतं, कारण आकडा आधी टाकला गेला आणि काळा रंग नंतर मारला गेला. आता तेच शेपूट काळ्या रंगावरून ऐटीत गेलं होतं. स्टिअरिंगच्या एका नटावरचा पिवळा ठिपका मधोमध तडकलेला होता, तडीत जुनी धूळ बसलेली. तो आता गुळगुळीत आणि अखंड. ज्या खुणेचा फोटो त्यांच्याकडे नव्हता, ती मात्र परत उगवलीच नाही.

खरी गंमत पुढेच आहे. मागचे शॉक अब्सॉर्बर आधीच्या मालकाने बदललेले आहेत, पावती माझ्या फाइलमध्ये आहे. त्यांच्यावरही ‘कारखान्याचा’ हिरवा ठिपका आला होता!

विचारल्यावर आधी मखलाशी झाली. “साहेब, आधी किती फिकट होतं, आता कसं उठून दिसतंय.” पावती पुढे केल्यावर सूर बदलला, सगळं पोरांवर ढकललं. शेवटी ती रक्कम बिलातून कमी केली, पण लेखी काही द्यायला तयार नव्हते. नव्याने रंगवणं हा माझा आक्षेप नाहीच. सांगून केलं असतं तर मी तशी नोंद ठेवली असती. जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या जागतिक संघटनेची ट्यूरिन सनदही हेच सांगते, की वाहनावर जे काही कराल त्याची नोंद राहिली पाहिजे. नवं रंगवून जुनं म्हणून खपवणं याला फसवणुकीशिवाय दुसरा शब्द नाही.

मग साहजिकच इंजिनबद्दलही धास्ती वाटली. उजव्या सिलिंडर हेडच्या पुढच्या टोकाशी ब्लॉकवर, म्हणजे इंजिनच्या ओतीव सांगाड्यावर, इंजिनचा नंबर ठोकायची सपाट पट्टी असते. कारखान्यात ती सपाट करताना तिच्यावर बारीक समांतर रेघा उमटतात. पट्टी घासून कुणी नवा नंबर ठोकला, तर त्या रेघा जातात. माझ्या सुदैवाने त्या शाबूत होत्या. ब्लॉक ओतल्याची तारीखही पाहिली. तिथे महिना अक्षरात असतो, ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर. गाडी ज्या आठवड्यात तयार झाली, त्याच्या आधीची ही तारीख असायला हवी, तशी ती होती.

तेव्हा गाडी देण्याआधी प्रत्येक खुणेचा फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून, टॉर्च आडवी धरून. नुसता आकडा नको. कडेची माती, रंगाचा फवारा, तडा, कोणता थर कशाखाली आहे, सगळं आलं पाहिजे. आकडा कुणीही गिरवतो, थरांचा क्रम गिरवता येत नाही. आणि हे फोटो वर्कशॉपला देऊ नका, फार तर खुणा कुठे आहेत एवढा आराखडा द्या. माझ्या फोटोंनीच त्यांचं काम सोपं केलं. पाण्याऐवजी कोरडा मऊ ब्रश वापरायचा, हेही कागदावर लिहून घ्या.

शॉकवरचे ठिपके मी पुसून टाकले. बाकीच्या खोट्या खुणांची फोटोंसकट यादी केली आहे. गाडी कधी विकलीच, तर ती यादी घेणाऱ्याच्या हातात जाईल, आणि तो त्याप्रमाणे भाव पाडून मागेल.