अंदमानचं शांत बेट बुक करताना आमचे 48,300 रुपये गेले

ह्यांची एसटीतली बत्तीस वर्षांची नोकरी मे महिन्यात संपली. निवृत्तीनंतर कुठं जायचं, असं विचारलं तर म्हणाले, "जिथं हॉर्न ऐकू येणार नाही तिथं." पॉइंट बघत पळायचं नव्हतं. समुद्र, झोप, आणि जाता-येता सेल्युलर जेल. सावरकरांची कोठडी एकदा डोळ्यांनी बघायची, हे त्यांच्या मनात शाळेपासून होतं.

आधी लक्षद्वीपचा विचार केला. तिथं भारतीय माणसालाही प्रवेश परवाना लागतो, विमान अगत्तीपर्यंतच, राहायच्या जागा मोजक्या. ते जमेना. मग अंदमानातलं नील ठरवलं. 2018 साली त्याचं नाव शहीद द्वीप झालं, पण बोलताना सगळे नीलच म्हणतात. शेजारच्या हॅवलॉक बेटापेक्षा लहान, गर्दी कमी, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सायकलवर जाता येईल एवढं. विमानाची तिकिटं आणि पोर्ट ब्लेअरच्या दोन रात्री आम्ही स्वतःच केल्या, त्या व्यवस्थित झाल्या. नीलच्या तीन रात्री आणि बोट एवढंच दुसऱ्यावर सोपवलं.

तो माणूस फेसबुकवरच्या एका जाहिरातीतून मिळाला. पाण्यात खांबांवर उभ्या लाकडी खोल्या, खाली निळंशार पाणी, असे फोटो होते. फोनवर मराठी बोलला, मूळ साताऱ्याचा म्हणाला. मला पहिल्या मिनिटापासून 'ताई'. ह्यांना जेल बघायचंय हे कळल्यावर म्हणाला, "काकांना मी कोठडीपाशी निवांत बसवतो, गर्दीच्या आधी." त्या वाक्याने हे विरघळले. मीसुद्धा. परमुलुखात आपल्या भाषेतलं माणूस भेटलं की मन सैल पडतं, आणि हे तो आमच्यापेक्षा चांगलं जाणून होता.

मी एक गोष्ट बरोबर केली होती. रिसॉर्टचा थेट नंबर मागितला होता. त्यावर तो म्हणाला, "ताई, नीलवर रेंजच नसते. ते लोक दिवसातून एकदा जेट्टीवर येऊन मेसेज बघतात. तुम्ही मलाच विचारा." मला हे पटलं, कारण आम्ही ते बेट निवडलंच होतं ते जगापासून लांब आहे म्हणून. तिथं रेंज कमजोर असते हे खरंही आहे. पण फोन लागतात, दुकानात क्यूआर कोड चालतात, हे मी तिथं गेल्यावर पाहिलं. बेट जितकं लांब आणि शांत, तितकं खात्री करून घेणं अवघड, हे त्याने आमच्याविरुद्ध वापरलं. माझा सगळ्यात जास्त राग या गोष्टीवर आहे.

पैसे तीन वेळा गेले. पहिले 12,000 आगाऊ. मग "सीझन आहे, खोली जाईल" म्हणून उरलेले 26,500. निघायच्या दोन दिवस आधी बोटीचे 6,800 आणि नीलचं 'प्रवेश परमिट' म्हणून माणशी 1,500, असे 9,800. दर वेळी यूपीआयवर एका बाईचं नाव यायचं, कंपनीचं नाही. विचारलं तर म्हणाला, "आमच्या अकाउंटंट मॅडम आहेत." परमिटबद्दल मला शंकाच आली नाही, कारण लक्षद्वीपच्या चौकशीत तो शब्द इतक्यांदा ऐकला होता. भारतीयांना पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक किंवा नीलला जायला कसलंही परमिट लागत नाही. नीलच्या परमिटचे पैसे कुणी मागितले तर तिथंच फोन ठेवा.

पोर्ट ब्लेअरला उतरलो. जेल पाहिलं. सात बाहूंपैकी आता तीनच उभे आहेत. कोठडीच्या दारात हे बराच वेळ बोलले नाहीत. तो दिवस मात्र आमचाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॅडोच्या जेट्टीवर काउंटरवरच्या मुलीने आमचा पीएनआर टाकला आणि पुन्हा टाकला. म्हणाली, हे तिकीट मागच्या महिन्यातल्या कुणा दुसऱ्या प्रवाशांचं आहे, नावं बदललेली दिसतात. त्या दिवशीच्या बोटी भरलेल्या होत्या. त्याचा फोन बंद. बॅगा घेऊन आम्ही बाकावर बसलो आणि हे मला म्हणाले, "तुझी चूक नाही." मला तेव्हा रडू आलं.

तासाभराने त्याचाच मेसेज आला. बोटीचा घोळ झाला, ताई, माफ करा, पूर्ण रिफंड देतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका. माझा अंगठा स्क्रीनवर गेला होता. तेवढ्यात सांगलीहून भाच्याचा फोन आला, त्याला आधी सगळं कळवलं होतं. तो ओरडलाच, "मामी, पैसे यायला पिन लागत नाही! पिन टाकली की जातात!" खात्यात अजून बरेच पैसे होते. ते भाच्यामुळे राहिले.

त्यानेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करायला लावला. तिथं व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर, वेळ आणि बँक विचारतात, ते हाताशी ठेवा. यूपीआय ॲपमध्ये व्यवहार उघडला की दिसतो. सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवरची तक्रार भाच्याने केली. पहिल्या दोन रकमा तोवर पुढे निघून गेल्या होत्या. शेवटच्या 9,800 पैकी 6,200 पुढच्या खात्यात गोठवता आले. ते अजून हातात आलेले नाहीत. मी पहिल्याच शंकेला फोन केला असता तर, हा विचार रात्री अजून येतो.

तरी आम्ही नीलला गेलो. फिनिक्स बे जेट्टीवरून सरकारी बोटीचं तिकीट तिसऱ्या दिवशी मिळालं. त्याने पाठवलेल्या व्हाउचरवरचं रिसॉर्ट तिथं खरंच आहे, भरतपूरच्या रस्त्याला, साध्या पाच-सहा खोल्यांचं. पाण्यातल्या खोल्या नीलवर नाहीतच. ते फोटो मालदीवचे, हे भाच्याने फोटो गुगलवर टाकून दोन मिनिटांत शोधलं. मालक भला माणूस. त्याच्या नावाने असे कागद घेऊन आलेलं आम्ही या मोसमातलं तिसरं कुटुंब. त्याच्याकडे जागा नव्हती, पण सीतापूरकडे एका बंगाली घरात त्याने आमची सोय केली. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांनी हे बेट वसवलं, गावांना रामायणातली नावं दिली. ओहोटीला पाणी दूर जातं आणि प्रवाळाचे खडक उघडे पडतात, पोहता येत नाही, ही गोष्टसुद्धा कुठल्याच जाहिरातीत नव्हती. भरती-ओहोटीच्या वेळा त्या घरच्या दीदीने आम्हाला वहीच्या पानावर लिहून दिल्या.

घरी आल्यावर मी त्या माणसाने पाठवलेली पैशांची पावती पुन्हा काढली. तिच्यावर जीएसटी नंबर होता, म्हणून तर मला ती खरी वाटली होती. त्या नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात: महाराष्ट्राचे 27, अंदमानचे 35. आमच्या पावतीवर 07, म्हणजे दिल्ली. जीएसटीच्या संकेतस्थळावर नंबर टाकला तर नाव आलं ते एका कापड व्यापाऱ्याचं. फुकट होतं हे बघणं.

मार्चमध्ये तेच फोटो नव्या नावाच्या पानावर दिसले, दर हजाराने कमी. खाली नागपूरच्या एका बाईंनी विचारलं होतं, चौघांसाठी मिळेल का. मी त्यांना लगेच मेसेज केला. आदल्या रात्रीच त्यांनी 15,000 भरले होते. मी त्यांना आधी 1930 सांगितला, बाकीचं नंतर.