डर्बीला लिनन की वूल?

इंडियन डर्बी ही घोड्यांची मोठी शर्यत सहसा फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर होते. पास हातात आला की पुरुषांचा पहिला प्रश्न असतो: त्या उन्हात कोट घालून बसायचं कसं? कापडाच्या दुकानातलं उत्तरही ठरलेलं असतं: "लिनन घ्या साहेब, एकदम थंड." उत्तर चुकीचं नाही, पण ते अर्ध्याच प्रश्नाचं आहे.

आधी नियमाचं उरकून घेऊ. सभासदांच्या भागात सूट, जॅकेट-टाय किंवा बंदगळा ही जुनी रीत आहे. सार्वजनिक स्टँडमध्ये नीटनेटके कपडे पुरतात. तुमचा पास कोणत्या भागाचा आहे आणि तिथे काय चालतं, हे पास देणाऱ्यालाच आधी विचारा. जीन्स आणि स्पोर्ट्स शूज घरीच ठेवलेले बरे. ज्यांना सूट घालावाच लागणार आहे आणि कापड कोणतं एवढंच ठरायचं आहे, त्यांच्यासाठी पुढचं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला मुंबईचं कमाल तापमान साधारण तिशीच्या आसपास असतं. मे महिन्यासारखा दमटपणा नसतो, आणि दुपारी समुद्राकडून वारा सुटला की सावलीत बसवतं. म्हणजे उकाडा आहे, पण अंगातला कोट काढून फेकावा असा नाही. तिथे कपड्यांची परीक्षा ऊन घेत नाही, उठ-बस घेते. पॅडॉकला, म्हणजे रेसआधी घोडे फिरवतात त्या जागी, ते बघायला जायचं, तिथून पैसे लावायला बुकींकडे नाहीतर टोटच्या (रेसकोर्सच्या स्वतःच्या बेटिंगच्या) खिडकीवर, मग स्टँडमध्ये येऊन बसायचं, घोडे शेवटच्या वळणावर आले की उठायचं, पुन्हा बसायचं. दर अर्ध्या-पाऊण तासाला हेच. डर्बीच्या 2400 मीटरला घोड्यांना अडीच मिनिटांच्या आसपास लागतात, तुम्हाला त्याच कपड्यांत पाच-सहा तास काढायचे असतात. आणि डर्बी असते कार्डाच्या, म्हणजे त्या दिवसाच्या रेसच्या यादीच्या, उत्तरार्धात, म्हणजे सगळे फोटो निघतात ते कपडे पुरते मळल्या-चुरगळल्यानंतर.

आता लिनन. हवा खेळती राहते, घाम शोषला जातो आणि लवकर वाळतो, त्याबद्दल वाद नाही. सकाळी इस्त्री करून घातलेला फिकट बदामी लिननचा सूट जितका देखणा दिसतो तितका दुसरा कुठला दिसत नाही, हेही खरं. अडचण धाग्यात आहे. जवसाच्या देठापासून निघणारा हा धागा मजबूत असतो, पण ताणला किंवा दुमडला की जागेवर परत येत नाही. इस्त्रीला काय लागतं? ओलावा, उष्णता आणि दाब. घामेजलेल्या मांड्या, अंगाची ऊब आणि खुर्चीवर पडलेलं तुमचं वजन हे तिन्ही पुरवतात. तुम्ही बसल्या बसल्या चुण्यांना इस्त्री करत असता.

दोन-तीन रेसनंतर लिननकडे जवळून बघा. जांघेतून गुडघ्याकडे पंख्यासारख्या चुण्या पसरलेल्या असतात. गुडघ्यामागे आडव्या घड्या अकॉर्डियनसारख्या दबलेल्या असतात आणि त्यामुळे पँट घोट्यावर सेंटिमीटरभर वर चढलेली असते. कोपराच्या आतल्या बाजूचंही तसंच. बाही आखडते आणि शर्टाचा कफ नको इतका बाहेर येतो. म्हणजे टेलरने मापात शिवलेला सूट संध्याकाळपर्यंत आखूड होतो. दुर्बिणीचा पट्टा जिथे लॅपलवर (कोटाच्या पुढच्या दुमडलेल्या पट्टीवर) घासतो तिथे एक तिरपी रेघ उमटते, ती हाताने कितीही सारखी केली तरी जात नाही. रेसबुक (घोड्यांची माहिती असलेली पुस्तिका) गुंडाळून बाजूच्या खिशात कोंबलं की तो खिसा खाली ओघळतो. लिननच्या सुरकुत्यांतच मजा आहे म्हणतात, आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या लग्नात मला ते पटतंही. डर्बीच्या स्टँडमध्ये, जिथे शेजारचा माणूस सकाळी निघाला तसाच संध्याकाळी दिसतो, तिथे नाही पटत. माझ्या बाबतीत तराजू कलला तो एवढ्या एकाच वैतागापायी.

वूल म्हटलं की थंडीतला जाड कोट डोळ्यांसमोर येतो, म्हणून लोक दचकतात. इथे ज्याची गोष्ट चालू आहे ते साध्या विणीचं हलकं वूल, चौरस मीटरला साधारण 220 ते 250 ग्रॅम. उजेडासमोर धरलं तर विणीतून बारीक बारीक उजेड दिसला पाहिजे; तोच हवेचा रस्ता. लोकरीच्या तंतूला मुळातच कुरळेपणा असतो, त्यामुळे दाब निघाला की तो उसळून सरळ होतो. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या साधारण तीस टक्के बाष्प पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही. लिनन थोडं जास्त थंड वाटतं, हे मी मान्य करीन. फरक उन्हात उभं राहिल्यावर जाणवतो, सावलीत बसल्यावर फारसा नाही.

दुकानात एक चाचणी करा. कापडाचा कोपरा मुठीत गच्च दाबा, दहापर्यंत मोजा, सोडा. चांगलं वूल मिनिटभरात सावरतं. लिनन तुमच्या मुठीचा ठसा घेऊन बसतं. "सुपर 150"चं कापड रेशमासारखं लागतं म्हणून भुलू नका. हा आकडा जितका मोठा तितका तंतू बारीक, आणि बारीक तंतूचं कापड लवकर चुरगळतं आणि झिजतं. या कामाला सुपर 100 ते 120 पुरे. धाग्याला जास्त पीळ दिलेलं, हाताला किंचित खरखरीत कापड मिळालं तर सोडू नका, ते सर्वांत कमी चुरगळतं.

फसगत होते ती वेगळ्याच ठिकाणी. आपल्याकडे सुटिंग म्हणून विकलं जाणारं बरंचसं कापड पॉलिएस्टर-व्हिस्कोस किंवा पॉलिएस्टर-वूल असतं. ते चुरगळत नाही हे खरं, पण पॉलिएस्टर जितकं जास्त तितका घाम आत कोंडतो आणि उन्हातल्या फोटोत कापड चकाकतं. ताग्याच्या काठावर मिश्रणाचं प्रमाण छापलेलं असतं का बघा. शंका असेल तर दुकानदाराकडून दोन-चार धागे मागून घ्या आणि बाहेर येऊन जाळून बघा. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांनी चुरते. लिनन कागदासारखं जळतं. पॉलिएस्टर वितळतं आणि निवल्यावर टणक मणी होतो.

त्याहून मोठी चूक अस्तराची. कापड महागाचं घ्यायचं आणि आत पूर्ण पाठभर पॉलिएस्टरचं अस्तर लावायचं, मग वूल काय आणि लिनन काय, घाम सारखाच येणार. टेलर न सांगता पूर्ण अस्तर लावतो, कारण त्याखाली आतल्या शिवणी झाकल्या जातात. ऑर्डर देतानाच सांगा: पाठीला अर्धं अस्तर, फक्त खांद्यांपर्यंत; बाह्यांना व्हिस्कोस किंवा क्युप्रोचं गुळगुळीत अस्तर, म्हणजे हात सुळकन आत जातो. उघड्या राहणाऱ्या शिवणींना पायपिंग करावं लागतं, त्यामुळे शिलाई थोडी वाढते. ती द्या. छातीला आकार देणारा आतला थर चिकटवलेला (फ्यूजिंग) आहे की शिवलेला (कॅनव्हास), तेही विचारा. डिंकाने चिकटवलेलं हलकं फ्यूजिंग घामाने आणि जोरदार वाफेच्या इस्त्रीने सुटतं आणि लॅपलवर फुगे येतात. एकदा आले की ते जात नाहीत.

दोन पीस सुटाला दीडशे सेंटिमीटर पन्ह्याचं सव्वातीन मीटर कापड धरा, चौकडा असेल तर थोडं जास्त. जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे लग्नसराई, टेलर मान वर करून बघत नाहीत, म्हणून कापड डिसेंबरातच टाकावं. लिननच घेणार असाल तर कापण्याआधी ते भिजवून किंवा वाफ देऊन आटवायला सांगा. हे टाळलं की पहिल्या धुण्यात पँट आखडते.

बंदगळ्याबद्दल विचारणारे बरेच असतात. टाय नाही, शर्टाची कॉलर दिसत नाही, पुढची बाजू सपाट राहते, त्यामुळे लिननची हौस असेल तर बंदगळ्यात ती सर्वांत कमी अंगाशी येते. खाली पँट मात्र वुलची घ्या. चुण्यांचा खरा तमाशा पँटवरच होतो. बंदगळ्याचा जाच गळ्याशी असतो. टाय सैल करता येते. बंदगळ्याचा हूक काढला की माणूस अर्धवट कपडे बदलल्यासारखा दिसतो. ट्रायलच्या वेळी कॉलरमध्ये दोन बोटं सहज फिरतात का ते बघा, आणि तेही मान वळवून, दुर्बीण लावल्यासारखे हात वर धरून. नुसतं ताठ उभं राहून घेतलेलं माप रेसकोर्सवर उपयोगाचं नाही.

बाकीचं थोडक्यात. शर्ट पांढरा, सुती. आकाशी रंगावर घामाचे डाग लांबून दिसतात. आत बाह्यांचं सुती बनियन घाला, काखेतला घाम कोटापर्यंत पोचत नाही. रंग मध्यम निळा किंवा करडा. काळा लग्नाच्या रिसेप्शनला ठेवा. बुटांना पातळ रबरी तळवा असावा, कारण पॅडॉकजवळच्या हिरवळीवरून स्टँडच्या पायऱ्यांवर आलं की कोरा चामड्याचा तळवा घसरतो. पनामा हॅट हिरवळीवर शोभते, पण स्टँडमध्ये काढून मांडीवर ठेवा. मागच्या माणसाने शेवटच्या दोनशे मीटरवर पैसे लावलेले असतात.

लिनन कुणी घ्यावं? जो सार्वजनिक स्टँडमध्ये जाणार आहे, बहुतेक वेळ उभा राहणार आहे आणि ज्याला सुटाची सक्तीच नाही. त्याने लिननचं मोकळं जॅकेट, सुती पँट घालावी आणि खुशाल फिरावं. पुण्याच्या पावसाळी मोसमातल्या रेसना तो हट्ट धरू नये. तिथे ओलाव्यात लिनन सकाळीच मान टाकतं, आणि फिकट पँटवर उडालेला चिखल सुखासुखी निघत नाही. महालक्ष्मीला सुटात बसायचं असेल, तर मी हलकं वूल घेईन. घरी आल्यावर तो सूट लगेच कपाटात कोंडू नका. खिसे रिकामे करा, रुंद खांद्याच्या हँगरला लावून रात्रभर वाऱ्यावर ठेवा आणि सकाळी ब्रश मारा. दर वेळी ड्रायक्लीनला टाकायची गरज नाही, मार्चमधल्या रेसना तो तसाच चालतो.