बागेच्या नावाखाली ठेकेदार राडारोडा पुरून गेला, त्याची हकीकत

"काका, एकदाच खर्च करा, पाच वर्षं हात लावायचं काम नाही." जुळे सोलापुरात आमच्या फाटकाच्या दोन्ही बाजूंचे वाफे बघून ठेकेदार असं म्हणाला होता. वाफ्यांत घाणेरी आणि लव्हाळा माजला होता, बोगनवेल रस्त्यावर आली होती. पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे मेंटेनन्स नको हे ऐकायला गोड लागलंच.

एप्रिल-मे महिन्यात काम झालं. खाली काळं प्लास्टिक, वर पांढरे गोटे, मध्ये ठरावीक अंतरावर रोपं. येणारे-जाणारे थांबून बघायचे. जुनी बोगनवेल त्याने मुळासकट 'कचरा' म्हणून नेली, आणि नेण्याची मजुरी आमच्याच बिलात लावली!

मृगाचा पाऊस पडला आणि लव्हाळा प्लास्टिक भोसकून गोट्यांतून वर आला. त्याची कोंबटोकं सुईसारखी असतात, प्लास्टिकला जुमानत नाहीत. खरा जीव जमिनीतल्या गाठींत. ठेकेदाराने प्लास्टिक घालण्याआधी सगळं खुरपून घेतलं आणि मग मोकळ्या मातीवर ग्लायफोसेट हे तणनाशक फवारलं. ते हिरव्या पानांतून गाठींपर्यंत उतरतं. पानंच नसतील तर ते औषध मातीमोल. हे त्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही. खुरपण आणि फवारणी, दोन्हींचे पैसे वेगळे लावले होते ना.

रोपं माना टाकू लागली म्हणून एक उपटलं, तर मुळांना नर्सरीची पिशवी तशीच! खणून पाहिलं तर चार बोटं लाल माती, खाली मुरूम आणि पाडलेल्या भिंतीचा राडारोडा. आमची काळी माती 'खराब' म्हणून ट्रॉलीत गेली होती. बिलात लाल माती तीन ब्रास. टेप लावला: दोन्ही वाफे मिळून लांबी 40 फूट, रुंदी अडीच फूट, भर एक फूट. म्हणजे 100 घनफूट, एक ब्रास. उरलेली दोन ब्रास माती मावली कुठे, असं विचारल्यावर "काका, माती दबते" म्हणाला. नंतर फोन उचलणंच बंद.

आता गोटे काढले आहेत. आपल्याकडच्या चाळिशीपार उन्हात ते तापून रोपांचे बुडखेच भाजायचे. गाठी वेचून, शेणखत घालून बोगनवेल आणि कोरफड लावली. वर उसाचं पाचट अंथरलंय. सोलापूर जिल्ह्यात त्याला काय तोटा?

कुणी असं काम देणार असेल तर माती ट्रॉलीतून उतरताना समोर उभे राहा आणि ब्रासचा हिशोब वाफ्याच्या मापावरून आधीच करा. एखादं रोप स्वतः पिशवी फाडून लावून घ्या. मुख्य म्हणजे एक तृतीयांश रक्कम पहिला पाऊस होऊन पंधरा-वीस दिवस जाईपर्यंत हातची सोडू नका, आणि ही अट कागदावर घ्या. लव्हाळा परतायचा असेल तर तेवढ्यात परततोच.